लाल गालिच्याखालचे खड्डे

साहेब, जॉनी परेराची गाडी तुम्ही कोंडलीत. इकडेतिकडे बघू नका, तुमच्याशीच बोलणं चाललंय. त्याच गाडीत उभे राहून, गळ्यात हार घालून, हात हलवत तुम्ही अंधेरीच्या आमच्या गावठाणात शिरलात. आठवत नसेल तर नवल नाही, तुम्हाला रोज कुठे ना कुठे फीत कापायची असते.

गाडी म्हणजे लाल मस्टँग. अमेरिकन, म्हातारी, पण वरचा कापडी टप उघडला की अजून मिरवणारी. जॉनीच्या बापाने एका परदेशी साहेबाची ड्रायव्हरकी केली. तो मायदेशी जाताना ती देऊन गेला. तेव्हापासून गावठाणातली एकही नवरी दुसऱ्या गाडीतून चर्चला गेली नाही. पेट्रोल प्यायची ती लग्नातल्या फुकट्या पाहुण्यासारखी, आणि सुरू झाली की शेजारपाजारच्या कोंबड्या कौलांवर चढायच्या.

जॉनीला ती विकायची नव्हती. पण घराच्या छपराने मान टाकलेली, आणि गल्लीच्या टोकाला टॉवर उभारलेला बिल्डर दर रविवारी केक घेऊन तब्येत विचारायला यायचा. जॉनीची नव्हे, छपराची. नवं छप्पर घालायचं, नाहीतर घर त्याच्या घशात. म्हणून जॉनीने गाडी ऑनलाइन लिलावात टाकली.

बोली चढली आणि मधेच थबकली. लिलाववाल्यांचा सर्वेश म्हणाला, कुणी मोठा माणूस गाडीत उभा असलेला फोटो टाका, शौकीन पेटतात. नेमकं त्याच आठवड्यात तुमच्या ‘गावठाण सौंदर्यीकरणा’चं उद्घाटन होतं. जॉनी आपल्या पायांनी तुमच्या माणसाकडे गेला आणि गाडी देतो म्हणाला. बायकोने, सिसिलियाने, बजावलं होतं की पुढाऱ्याला बसायला जागा देऊ नये, तो उठत नाही. जॉनीने हारसुद्धा स्वतःच आणला.

गल्लीच्या तोंडाशी लाल गालिचा होता. गाडी त्यावरून आत आली, बँड वाजला, तुम्ही बॉटल मसाल्यातली कोंबडी दोनदा वाढून घेतलीत आणि चालत गेलात, कारण बाहेर तुमची एसी गाडी उभी होती. तुमची पाठ वळताच कंत्राटदाराच्या माणसांनी गालिचा गुंडाळला. खाली फळ्या, आणि फळ्यांखाली गल्लीच्या तोंडावर आडव्या ओळीने खड्डे. त्यांत लोखंडी खांब रोवले, सिमेंट ओतलं, वर सोनेरी रंग फासला. गावठाणाने टाळ्या वाजवल्या, आता रिक्षा घुसणार नाहीत म्हणून. जॉनी तेव्हा ओट्यावर बसून मोबाईलमध्ये बोली बघत होता. तुमच्या फोटोने ती खरंच पेटली होती.

गाडी मुलुंडच्या हर्षदने जिंकली. तो ट्रक घेऊन आला, तेव्हा गल्लीच्या एका टोकाला खांब, दुसऱ्या टोकाला टॉवरची भिंत, मधे गाडी.

“अंकल, मी गाडी घेतलीय, देखावा नाही,” तो म्हणाला. “सोमवारपर्यंत बाहेर काढा, नाहीतर सौदा रद्द.”

गावठाणातल्या पोरांनी गाडी उचलून खांबांपलीकडे न्यायचं ठरवलं. कंबरा मोडल्या, गाडी जागची हलली नाही.

जॉनी तुमच्या कचेरीत गेला. पहिल्या टेबलावर कळलं, खांब काढता येत नाहीत, ते सौंदर्य आहे. दुसऱ्यावर कळलं, गल्ली आता फक्त पायी चालणाऱ्यांची, सबब गाडीच बेकायदा. दुसऱ्या दिवशी काचेवर नोटीस चिकटली: सोमवारपर्यंत हटवा, नाहीतर कापून भंगारात नेऊ. कापल्यावर ती खांबांमधून जाते, एवढं माप बरं घेऊन ठेवलंत.

सिसिलियाने नोटीस वाचली. “हार कुणी घातलेला रे?”

“मी.”

“मग आता गाडीलाही घाल.”

रविवारी बिल्डर आला. केक या वेळी मोठा होता. तो म्हणाला, काळजी कसली, घराच्या कागदावर सही कर, मी माझी भिंत पाडतो, गाडी माझ्या कंपाउंडमधून काढ. म्हणजे घर वाचवायला गाडी विकायची, आणि गाडी काढायला घर द्यायचं. जॉनीने केक उचलून गल्लीतल्या कुत्र्यांपुढे ठेवला.

आज सोमवार. जॉनी गाडीत बसलाय, टप उघडा, इंजिन चालू, कोंबड्या कौलांवर, तोंड तुमच्या सोनेरी खांबांकडे. सिसिलिया शेजारी बसलीय, लग्नातली साडी नेसून.

आता सांगा साहेब, गाडी कुठून काढायची? उत्तर इथे येऊन द्या. आणि चालत या, या वेळी गाडी मिळणार नाही.