कोऱ्या नमुन्याचा मान

या पृथ्वीवर निखळ शुद्ध असं काहीही उरलेलं नाही. चौतीस वर्षांच्या सरकारी नोकरीनंतर मी हे छातीठोकपणे सांगू शकतो. अपवाद एकच. बात्केनच्या खालच्या अंगाला मामासालि अक्सकालच्या घरामागे जर्दाळूची सोळा झाडं आहेत, ती शुद्ध. (गावातल्या मानाच्या म्हाताऱ्याला आमच्याकडे अक्सकाल म्हणतात.) आणि तीही काही तत्त्वासाठी शुद्ध राहिली नव्हती. अक्सकालचा फवारणीचा पंप एकोणीस वर्षांपूर्वी त्याच्या मेहुण्याने दोन दिवसांसाठी नेला, तो अजून परत आलेला नाही.

आमच्या प्रयोगशाळेचं सगळं दुकान या मेहुण्यावर चालायचं.

आमचं काम म्हणजे फळात, धान्यात आणि गुरांच्या पेंडीत फवारणीचं औषध किती उरलंय ते मोजायचं. जर्दाळूचा ट्रक सरहद्दीपार जायचा असला की आमचा कागद लागतो. पण मोजणारं यंत्र पडलं यंत्र. ‘काही नाही’ म्हणजे काय, हे त्याला आधी दाखवावं लागतं. मगच ‘काही आहे’ हे त्याला कळतं. त्यासाठी ज्यात औषधाचा लवलेश नाही असं फळ वाटून त्याला रोज सकाळी पाजायचं. याला आम्ही कोरा नमुना म्हणतो. सगळ्या जिल्ह्यात कोरा जर्दाळू फक्त मामासालिकडे मिळायचा. दर उन्हाळ्यात तो पिठाच्या फाटक्या पोत्यात पंधरा-वीस किलो आणून टाकी. फळं बोराएवढी, ठिपकेवाली, आणि बहुतेकांत एकेक भाडेकरू. आम्ही ती गोठवून वर्षभर पुरवायचो.

त्या वर्षी मे महिन्यात तीन दिवस वीज गेली आणि साठा वितळला. वितळलेला नमुना नष्ट करावा असा नियम आहे. आम्ही तो साखरेच्या पाण्यात उकळून, कॉम्पोट करून नष्ट केला. शुद्धतेचा लेखी पुरावा असलेलं जिल्ह्यातलं ते एकमेव फळ. ते उकिरड्यावर टाकायला कुणाचाच हात धजेना.

आणि जुलैत शेजारच्या देशातून, आल्मातीहून, परीक्षक येणार असं पत्र आलं.

आमच्या संचालिका तुर्दुगुल एजे; एजे म्हणजे ताई. अकरा वर्षं त्या एका कागदामागे होत्या: आमच्या प्रयोगशाळेचा आकडा बाहेरच्या देशांनी खरा मानावा असा मान्यतेचा कागद. तो मिळाल्याला तीन वर्षं झाली होती. परीक्षक येऊन बघणार आणि तो पुढे चालू ठेवायचा की काढून घ्यायचा ते ठरवणार. काढून घेतला, तर इथला प्रत्येक ट्रक तपासणीसाठी दोन घाट ओलांडून राजधानीला न्यायचा. ताजा जर्दाळू दोन घाट टिकत नाही. पहिल्या घाटात मऊ होतो, दुसऱ्यात दारू. एजेंनी त्या महिन्यात केस रंगवायचं सोडलं, यावरून आम्ही काय ते समजलो.

मी तेव्हा नमुने घ्यायच्या खिडकीवर होतो. कोरा नमुना मागवणं माझ्याकडे. मी मामासालिला फोन केला आणि म्हणालो की अक्सकाल, शुक्रवारपर्यंत तीन किलो पाठवा, आल्मातीहून पाहुणे येतायत, ते बघणार आहेत.

हे शेवटचं वाक्य मी का बोललो, हा प्रश्न मला नंतर लेखी विचारण्यात आला. मी लेखी उत्तर दिलं की सौजन्य म्हणून.

तिकडून अक्सकालने पाहुणे किती, एवढंच विचारलं. मी एकच म्हणालो. आणि तो खाणार नाही, त्याला मनाई आहे, असंही सांगितलं. यावर अक्सकाल म्हणाला, “बरं बरं. सगळे असंच म्हणतात.”

शुक्रवारी सकाळी तो आला तो पोतं घेऊन नव्हे. निळ्या काठाची पांढरी एनॅमलची बादली, तिला झाकण, झाकणावर बायकोने भरतकाम केलेलं फडकं. आत कोंबडीच्या अंड्याएवढे जर्दाळू, एका गालावर लाली, एकावरही ठिपका नाही, देठाशी एकेक हिरवं पान ठेवलेलं. अंगावर काळा कोट, डोक्यावर नवी पांढरी टोपी. माझ्यासारख्या जुन्या माणसाने असं फळ बघितल्याबरोबर घाबरायला हवं होतं. मी खूश झालो. चिठ्ठी चिकटवली, ४१७ क्रमांक टाकला आणि बादली आत दिली.

परीक्षक दौरेन साबितोविच उंच, हडकुळा, मितभाषी. स्वतःची पाण्याची बाटली घेऊन आला होता. ज्यांची तपासणी करायची त्यांच्याकडचा घोटभर चहाही घ्यायचा नाही, असा त्याचा नियम. एजेंनी तरी त्याच्यापुढे चहा ठेवला, कारण न ठेवणं हा आमचा नियम मोडला असता. तासाभराने गार चहा उचलून गरम ठेवायचा, असं दिवसभर चाललं. दोघांचेही नियम पाळले गेले.

नुरजामाल आमची यंत्रावरची बाई. तिला बोलायचा कंटाळा. यंत्र बोलतंय तर मी कशाला, असं तिचं म्हणणं. तिने परीक्षकासमोर ४१७ मधली फळं चिरली, वाटली, द्रावकात घुसळली, गरगर फिरवून वरचं निवळ पाणी यंत्राला दिलं. पडद्यावर सरळ रेघ सरकू लागली. आम्ही पाचजण मागे उभे. रेघ सरळ, सरळ, सरळ, आणि मग मधेच पामीरचा एक डोंगर.

रेघ खाली आली, थोडी चालली आणि पहिल्याच्या शेजारी दुसरा, जरा बुटका डोंगर उभा राहिला.

पहिला क्लोरपायरिफॉस या फवारणीच्या औषधाचा होता. मर्यादेच्या चौपट. कोऱ्या नमुन्यात.

नुरजामालने पुन्हा लावलं. पुन्हा तेच डोंगर, त्याच जागी. डोंगरांची तशीच सवय असते. परीक्षकाने वहीत काहीतरी लिहिलं आणि हात धुवायला बाहेर गेला. पाचेक मिनिटं गेला असेल.

तेवढ्यात नुरजामालने डावीकडचा खण अर्धा उघडला. आत मार्चमधल्या कोऱ्या नमुन्याचा आलेख होता, इस्त्री केल्यासारखी सरळ रेघ.

“एजे, मार्चचा आहे,” ती म्हणाली. त्या आठवड्यातलं तिचं हे बहुधा पहिलं वाक्य.

एजेंनी खणाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मी खिडकीबाहेर बघत होतो. अशा वेळी खिडकीवरच्या माणसाने खिडकीबाहेर बघावं.

“मार्चमधलं मार्चमध्ये राहू दे,” एजे म्हणाल्या. “बंद कर तो.”

परीक्षक आला तेव्हा त्यांनी स्वतःच सांगितलं की आमचा कोरा नमुना कोरा नाही, आणि का नाही ते आम्हाला माहीत नाही. परीक्षकाने मान हलवली. मग संध्याकाळपर्यंत एकेक संशयिताची झडती झाली. द्रावक एकटं लावलं: सरळ रेघ. सुरी धुऊन ते पाणी लावलं: सरळ रेघ. बादली आतून पुसून तो बोळा लावला: सरळ रेघ. तरी बादली ही पुराव्याची वस्तू झाल्यामुळे ती उरलेल्या फळांसकट चिकटपट्टीने बंद करून, मोहोर लावून, सहा महिन्यांसाठी शीतकपाटात ठेवली. आमच्याकडे आजवर आलेला हा सर्वांत देखणा पुरावा.

उरलं फळ. परीक्षक म्हणाला की उत्पादकाला भेटायचं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला गाडीतून गावी घेऊन गेलो. रस्ताभर त्याने एकच प्रश्न विचारला, तो म्हणजे नमुना आणायला सांगताना मी नेमकं काय बोललो होतो. मी सांगितलं. त्याने डोळे मिटले. मला वाटलं, गाडी लागली.

मामासालि दारातच उभा होता. अंगणात पलंगावर दस्तरखान अंथरलेलं: रोट्या, मलई, अक्रोड, मध, आणि मधोमध कापलेलं टरबूज. परीक्षकाने छातीवर हात ठेवून क्षमा मागितली आणि मनाई असल्याचं सांगितलं. अक्सकालने ते नीट ऐकून घेतलं आणि त्याच्या हातात रोटीचा तुकडा दिला. आमच्याकडे हातात दिलेली रोटी खाली ठेवता येत नाही. पुढचा पाऊण तास तो तुकडा परीक्षकाच्या मुठीत होता.

तो झाडांमधून फिरला. सोळाही झाडांखाली गेला. सगळीकडे आपली तीच बोराएवढी ठिपकेवाली फळं. मग त्याने विचारलं की अक्सकाल, बादलीतले जर्दाळू कुठल्या झाडाचे?

“बागेतले,” मामासालि म्हणाला.

“कुणाच्या?”

अक्सकालने टोपी सारखी केली. पलीकडे बांधाला लागून अब्दिवाहाबची तीस हेक्टरची बाग होती. फवारणीचा ट्रॅक्टर उन्हात उभा होता, लाल, नवाकोरा. अब्दिवाहाबही बांधावर उभा होता. पाहुण्याला बघून त्याने अदबीने हात छातीवर ठेवला. मग कळलं ते असं, की पाहुणा येणार म्हटल्यावर तो एका घराचा राहत नाही, गावाचा होतो. आणि अब्दिवाहाबने स्वतः पहाटे उठून, शिडी लावून, एकेक फळ निवडून बादली भरून दिली होती. दोघांच्याही मनात पाप नव्हतं. लबाडीसुद्धा इतक्या कष्टाने कोणी करत नाही.

परीक्षकाने अक्सकालला समजावलं की आम्हाला तुमचं किडकं फळच हवं होतं. त्यावरच सगळं उभं होतं. तुम्ही हे दिल्यामुळे बाईंचा अकरा वर्षांचा कागद जायची वेळ आली आहे.

मामासालिचा चेहरा उतरला. एजेंना तो त्यांच्या लहानपणापासून ओळखत होता. तो परीक्षकाकडे न बघता झाडाकडे बघून बोलला.

“साहेब, तुम्ही एवढे डोंगर ओलांडून आलात. घरचे येतात तेव्हा किडकं चालतं, पोरं आमचीच आहेत. पण परक्यासमोर त्या पोरीने माझं किडकं फळ ठेवायचं? लोक काय म्हणतील, हिला कोणी म्हातारं माणूस नाही?”

परीक्षकाने रोटीचा तुकडा खिशात घातला, हातमोजे चढवले आणि स्वतःच्या हाताने सोळा झाडांवरून ठिपकेवाले जर्दाळू तोडले. गाडीपाशी ते वजन करून पिशवीला मोहोर लावायची, तर चिकटपट्टी प्रयोगशाळेतच राहिली होती. पिशवी मांडीवर घेऊन तो मागे बसला. निघताना वजन तीन किलो चाळीस ग्रॅम होतं. प्रयोगशाळेत पोहोचल्यावर दोन किलो सातशे भरलं. अहवालात त्याने ‘वजनकाट्यांमधील फरक’ असं लिहिलंय. वाटेत मागच्या खिडकीतून मधूनमधून बिया बाहेर पडत होत्या, हे मी अहवालात लिहिलेलं नाही. मला कोणी विचारलं नाही.

दुपारी नुरजामालने ते फळ यंत्राला दिलं. रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली. एजे खुर्चीवर बसल्या आणि परीक्षकापुढचा गार चहा त्यांनी स्वतःच पिऊन टाकला.

कागद राहिला, पण एका अटीवर. अहवालात एक त्रुटी नोंदवली होती: कोऱ्या नमुन्याबाबत उत्पादकाला लेखी सूचना नाहीत. तीस दिवसांत त्या तयार करून, त्यांवर उत्पादकाची सही घेऊन पाठवाव्यात. न पाठवल्यास मान्यता रद्द. एजेंनी सूचना लिहायला तीन आठवडे घेतले. आठ कलमं झाली. बाकीची नेहमीचीच: फवारणी करू नये, धुऊ नये, दुसऱ्याच्या बागेतलं घेऊ नये. सातवं मात्र मी चौतीस वर्षांत दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही. ‘नमुन्याचा मान राखू नये.’ आल्मातीहून मसुदा परत आला, तेव्हा परीक्षकाने फक्त त्याच कलमाखाली दोनदा रेघ मारली होती.

अठ्ठाविसाव्या दिवशी मी तो कागद घेऊन गावी गेलो. अक्सकालने चष्मा लावला आणि आठही कलमं वाचली. सातव्यावर थांबला. पुन्हा पहिल्यापासून वाचली आणि पुन्हा सातव्यावर थांबला.

“म्हणजे पाहुणा आला तरी किडकंच द्यायचं?”

मी हो म्हणालो.

“परका असला तरी?”

मी म्हणालो, परका असला तर विशेषकरून.

“आणि हे मी सही करून सांगायचं. हा कागद ठेवणार कुठे?”

मी म्हणालो की तिजोरीत, आणि एक प्रत आल्मातीला.

तो म्हणाला की माझ्या बापाच्या दारातून कोणी उपाशी गेलं नाही, दुष्काळातसुद्धा. मग म्हणाला की सही केली तर गावात तोंड दाखवायला नको, आणि नाही केली तर त्या पोरीचा कागद जातो. पेन हातात धरून तो इतका वेळ बसला की माझा चहा दोनदा बदलला गेला. आत बायको किटली आपटत होती. मी अठ्ठावीस, एकोणतीस, तीस असं मनात मोजत होतो. आल्मातीच्या टपालाला दोन दिवस लागतात.

शेवटी त्याने कागद गुडघ्यावर सपाट केला.

“करतो सही,” तो म्हणाला. “पण बाबा, एक करा. ती बादली तेवढी परत द्या. म्हातारी महिनाभर किटलीत दूध काढतेय. तिचंही पंपासारखं नको व्हायला.”