खालच्या वस्तीचं पान

भावोजींची वेबसाइट वाचता वाचता माणसाला ओल चढायची. 'गळती' हा शब्द एकेका परिच्छेदात इतक्यांदा आला होता, की कॉम्प्युटरखाली बादली ठेवावीशी वाटे. तेवढ्याने मन न भरल्यामुळे पानाच्या तळाशी तोच शब्द पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत कोंबला होता. माणसांना तो दिसत नसे, सर्च इंजिनाला दिसे.

भावोजींचा धंदा गळती काढून देण्याचा, आणि हे सगळं त्यांच्या धाकट्या मेव्हण्याचं कर्तृत्व. कंपनीने मानाने घरी पाठवल्यापासून तो बहिणीकडे राहायला आला होता आणि खाल्ल्या अन्नाला जागत होता. भावोजी त्याला 'एक्स्पर्ट' म्हणत. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे त्याने कधी तपासलं नाही.

"कुणाला दिसत नाही ते लिहितोस कशाला?" ताईने विचारलं होतं.

"वाचणारे असतात गं."

पण त्याची खरी करामत म्हणजे वस्तीवार पानं. मजकूर एकच, फक्त नाव बदलायचं. 'तुमच्या वस्तीत गळती? अर्ध्या तासात आम्ही दारात!' वस्त्यांची नावं त्याने घराला लागूनच असलेल्या दुकानातल्या भिंतीवरच्या नकाशावरून उतरवली. नकाशा फार जुना होता आणि तो लावला होता भिंतीवरची ओल झाकायला. दिव्याखाली अंधार असतो, तशी गळतीवाल्याच्या भिंतीला ओल असते.

पहिला फोन आला तेव्हा भावोजी चहा घेत होते. फोन एक्स्पर्टने घेतला.

"घरात पाणी येतंय हो," एक बाई म्हणाली. आवाज शांत होता, तोंडावर हात धरून बोलल्यासारखा.

"कुठून येतंय? छतातून की भिंतीतून?"

"सगळीकडून."

"पत्ता सांगा."

"खालची वस्ती. शाळेच्या मागे. वेबसाइटवर लिहिलंय तुम्ही, येता म्हणून."

एक्स्पर्टने फोन ठेवला आणि विजयी वीरासारखं वळून सांगितलं, "भावोजी, खालच्या वस्तीतून गिऱ्हाईक!"

भावोजींचा कप तोंडापाशी थांबला. "कुठून म्हणालास?"

"खालची वस्ती. शाळेमागचं घर."

"अरे शहाण्या, खालची वस्ती धरणात गेली. तुझी ताई लग्न होऊन आली त्याच्याही आधी. तिथे आता मासे राहतात, आणि त्यांची तक्रार नसते."

कुणीतरी थट्टा केली असणार, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी तीच थट्टा पुन्हा झाली, या वेळी एका म्हाताऱ्याच्या आवाजात. मग वेबसाइटवर रिव्ह्यू आला. याआधीचे सगळे रिव्ह्यू एक्स्पर्टने स्वतःच, वेगवेगळ्या गृहिणी होऊन लिहिले होते, त्यामुळे हा नवा आहे हे त्याला लगेच कळलं. पाच तारे, आणि खाली मजकूर: 'अर्ध्या तासात येणार होते. अजून आले नाहीत. घाई नाही, वाट बघतोय.'

भावोजींनी तो दोनदा वाचला आणि चष्मा काढून पुसत बसले.

"शाळेमागच्या घराच्या गच्चीचं काम आम्हीच धरलं होतं," ते म्हणाले. "मी तेव्हा शिकाऊ. उस्ताद म्हणाले, सोड अर्धवट. सगळंच बुडणार आहे, आता गळती काढून काय करतोस? तेवढं एकच काम राहिलंय माझं."

"भावोजी, कुणीतरी टवाळखोर आहे."

"असेल. पण येतो म्हणून लिहिलंय ना? लिहिलं तू, नाव माझं."

दुपारी त्यांनी स्कूटरला पिशवी अडकवली, तीत सिमेंट, थापी आणि रसायनाचा डबा टाकला आणि ते धरणाकडे गेले. संध्याकाळी परतले तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत ओली होती. दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत.

"उतार सोपा आहे तिकडे," जेवताना ते सहज म्हणाले. "शाळेच्या पायऱ्या लागतात पायाला."

ताईच्या हातातला डाव भांड्यातच राहिला. भावोजी हात धुवायला उठले तसा तिने भावाचा दंड धरला.

"ऐक. कालचं गुडघ्यापर्यंत, आजचं कमरेपर्यंत. या माणसाला पोहता येत नाही. ते पान काढ, नाहीतर मी तुझं सामान काढते."

एक्स्पर्टने पान पुसलं. वेबसाइटवरून ते गेलं, सर्चमध्ये मात्र पहिल्या नंबरावर तसंच राहिलं. इतर पानं जिवाच्या आकांताने दहाव्या पानावर लोंबकळत होती आणि हे, नसलेलं, सगळ्यांच्या डोक्यावर. सकाळी फोन आलाच.

"पान उघडत नाही हो," बाई म्हणाली. "पण ते येतात पायऱ्यांपर्यंत. आज आत येतील."

भावोजी आत डब्यातलं रसायन ढवळत होते.

एक्स्पर्टला घाम फुटला आणि घाम फुटलेला माणूस ज्यात हातखंडा असतो तेच करतो, तसंच त्याने केलं. पुसलेल्या पानावर येणाऱ्याला दुसऱ्या पानावर वळवायची सोय असते. सारखं पान नसेल तर वळवू नये, असं जाणकार सांगतात. पण आलेली गिऱ्हाइकं वाया घालवणं एक्स्पर्टच्या रक्तात नव्हतं. त्याने ती वाट सरळ 'संपर्क' पानाकडे वळवली. कॉम्प्युटरने विचारलं, तात्पुरती की कायमची? त्याने कायमची निवडली. एकदाची कटकट मिटावी म्हणून.

'संपर्क' पानावर घराचा पत्ता होता, दाराचा फोटो होता आणि त्याखाली त्याच्याच हातचं वाक्य: 'गळती कुठलीही असो, बेधडक घरी या. दार उघडंच आहे.'

"झालं काम, ताई. आता तिथे कुणी वाट बघत बसणार नाही. सगळे सरळ इकडेच येतील."

वाक्य तोंडातून गेल्यावर त्याला ते ऐकू आलं.

फोन बंद झाले. भावोजी दुपारभर तयार होऊन बसले, पण बोलावणं आलं नाही. शेवटी त्यांनी पिशवी खाली ठेवली, तेव्हा ताईने दोन दिवसांनी श्वास सोडला. बाहेर रणरणतं ऊन होतं.

बेल वाजली.

ताईने दार उघडलं. "कुणी नाही," ती म्हणाली आणि मग तिची नजर खाली गेली. फाटकापासून उंबऱ्यापर्यंत ओल्या पावलांची रांग होती. मोठी होती, लहान होती, काही एका पायाने लंगडणारी. कडक उन्हात एकही सुकत नव्हतं. तिच्या डोळ्यांदेखत पुढचं पाऊल उंबऱ्याच्या आत उमटलं.

एक्स्पर्ट कॉम्प्युटरकडे धावला. वळवलेली वाट त्याने खोडली, पुन्हा खोडली. सर्चमध्ये आता खालच्या वस्तीच्या नावापुढे त्यांच्याच दाराचा फोटो येत होता आणि त्याखाली ताजा रिव्ह्यू: 'आता जवळ पडतं. सगळे निघालोय.'

बैठकीतल्या सोफ्याची गादी एका टोकाला खचली, मग दुसऱ्या. कापडातून पाणी निथळू लागलं. भावोजी समोर खुर्ची ओढून बसले. चेहऱ्यावर भीती नव्हती. कामाला लागताना असतो तोच जुना, समाधानी भाव होता.

"बसा, बसा. उशीर झाला खरा," ते रिकाम्या सोफ्याला म्हणाले. "हं, कुठून येतंय म्हणालात पाणी?"

छतातून एक थेंब पडला. मग भिंतीतून. मग फरशीच्या सांध्यांतून. ताई फडकं घेऊन आली आणि ते हातात धरून नुसती उभी राहिली.

भावोजींनी मान न वळवता हाक मारली.

"एक्स्पर्ट, बघतोस काय? दारातल्या चपला उचल. तरंगायला लागल्यात."