डोळ्यातली बाहुली

बेळगावच्या कॅम्पातल्या इस्पितळात डॉक्टर सुरुवातीचं तेवढं मराठीत बोलले आणि घोटाळा तिथंच झाला.

"बाहुलीच्या मागं गाठ आहे. काढायलाच हवं. परवा सकाळी आणा."

तारामतीच्या मांडीवर साडेचार वर्षांची कमला होती आणि कमलाच्या मांडीवर भावकू. भावकू म्हणजे चिंध्यांची बाहुली. निपाणीत त्यांच्या वखारीत तंबाखू निवडायला येणाऱ्या भावकूनं ती शिवून दिली, म्हणून तिचंही नाव तेच. डोळ्यांच्या जागी दोन काळे मणी.

बाई कॉलेजात शिकलेली आहे हे कळल्यावर पुढचं सगळं डॉक्टरांनी इंग्रजीत सांगितलं. डावा डोळा ठेवला तर गाठ मेंदूकडं जाईल, पोर वर्षही काढणार नाही. काढला तर पोर वाचेल, पण उजव्यातही गाठ येऊ शकते, म्हणून तो दर महिन्याला तपासावा लागेल. तारामतीनं मान डोलावली. कोल्हापुरास बी.ए.पर्यंत शिकलेलं इंग्रजी इतकं लख्ख तिला कधी कळलं नव्हतं.

तसं तिला तीन महिन्यांपासून दिसत होतं. दिवेलागणीला कंदील आत आणला की कमलाचा डावा डोळा मांजरागत चमके. सासूबाई, जयाबाई, म्हणाल्या, पद्मावतीआईचं तेज आहे, बोलून दाखवू नको, दृष्ट लागेल. रायाप्पा, तिचा नवरा, म्हणाला, पुस्तकं वाचून वाचून तुला नसतं ते दिसतं. मग तिनं एक खेळ काढला. पोरीचा एकेक डोळा तळहातानं झाकायचा. डावा झाकला की कमला हसे. उजवा झाकला की हात झिडकारून रडायला लागे. तो खेळ तिनं दहा दिवस खेळला, आणि अकराव्या दिवशी रायाप्पाला समोर बसवून दाखवला. दुसऱ्या दिवशी, लढाईमुळं पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून, कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीत तिघं बेळगावला आली.

उतरली होती बेळगावातल्याच शहापुरात, ओळखीच्या विणकराकडं. इस्पितळातून परतल्यावर संध्याकाळी भावकू कुठं सापडेना. शोधता शोधता सापडली ती मागाच्या खड्ड्यात, विणकर पाय सोडून बसतो तिथं, वर सुताच्या गुंड्या ठेवून झाकलेली.

"हिला इथं का टाकलीस गं?"

"टाकलो न्हाई, लपवलो." कमला खालच्या आवाजात म्हणाली. "डॉक्टर बाहुली काढणार म्हणाले की."

तारामतीला हसू फुटलं आणि तिथंच विरलं. डोळ्यातल्या काळ्या टिकलीलाही बाहुलीच म्हणतात, हे पोरीला कुठून कळावं? आता सांगायला हवं होतं. ती शेजारी बसली, पदरानं भावकूवरचे सुताचे तंतू झटकले. सांगायचं म्हणजे डोळा हा शब्द उच्चारायचा. ती नुसती तंतूच वेचत राहिली.

कमलानं भावकू आपल्या मांडीवर घेतली. मग विचारलं, "हिला दिलो तर मला काय करणार न्हाईत न्हवं?"

"न्हाईत," तारामती म्हणाली.

एवढंच ती बोलली. मनाशी म्हणाली, परवापर्यंत तरी पोर नीट जेवेल, झोपेल.

ठरल्या सकाळी कमलानं दोन्ही हातांनी भावकू डॉक्टरांपुढं धरली. डॉक्टर गोंधळले. तारामतीनं त्यांना डोळ्यांनी खुणावलं, तेव्हा त्यांनी ती घेऊन औषधांच्या कपाटावर ठेवली. कमला निर्धास्त आत गेली. क्लोरोफॉर्मची जाळी तोंडावर आली तेव्हासुद्धा ती कपाटाकडंच बघत होती, असं नर्स नंतर म्हणाली.

शुद्धीवर आल्यावर तिनं पट्टी चाचपली. रडली नाही. "मी बाहुली दिलो होतो की," एवढं म्हणाली आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. भावकू पुढं केली तरी तिनं घेतली नाही; ती कपाटावरच राहिली.

काचेचे डोळे जर्मनीतून यायचे, ते लढाईत बंद झालेले. तारामतीनं शहापुरी लुगड्याच्या काठाची पट्टी शिवली, ती कमलानं निमूट बांधून घेतली. जेवायला बोलावलं की जेवायची, निजवलं की निजायची. पण आईनं कंदील जवळ आणला की उजवा डोळा गच्च मिटून घ्यायची. पहिल्या महिन्याला डॉक्टरांनी गोड बोलून पाहिलं, पापणी धरून पाहिली. पोर किंचाळत कोपऱ्यात शिरली. आता दर खेपेला क्लोरोफॉर्म द्यावा, तर हिच्या अंगात तेवढं बळ नाही, असं ते म्हणाले. घरी जयाबाई म्हणाल्या, एक डोळा तरी सुखानं बघू दे तिला, छळू नको. रायाप्पाही आईच्याच बाजूनं झाला.

दुसऱ्या महिन्यातल्या एका दुपारी परसात तारामती कमलाची वेणी घालत होती. पोरीचं तोंड समोर नव्हतं म्हणूनच तिला बोलता आलं.

"कमे, मी खोटं बोलले तुझ्याशी. बाहुली घेऊन ते सोडणार नव्हते, मला ठाऊक होतं. तुझ्या डोळ्यात गाठ होती. ती ठेवली असती तर तू मेली असतीस."

कमलानं उजव्या डोळ्यावर बोट ठेवलं. वेणीचा एक पेड तारामतीच्या हातात तसाच राहिला.

"ह्यात बी हाय?"

"माहीत न्हाई. बघितल्याशिवाय कळत न्हाई. तुला मिटून ठेवायचा तर ठेव, मी धरणार न्हाई तुला."

कमलानं मान न वळवता विचारलं, "बघितलं की मला सांगशील?"

"सांगीन."

"काय बी असलं तरी?"

"काय बी असलं तरी."

पुढच्या आठवड्यात ती इस्पितळातल्या स्टुलावर आपण होऊन बसली. डोळ्यात थेंब घातले तेव्हा मुठी आवळल्या, पण डोळा मिटला नाही. कपाटावर भावकू अजून तशीच होती, धूळ बसलेली. खिडकीचा पडदा ओढला. डॉक्टरांनी बत्ती जवळ नेली. तारामती त्यांच्या खांद्यामागं उभी होती, आणि बत्ती किंचित तिरपी झाली तेव्हा काळ्या बाहुलीच्या कडेला जोंधळ्याच्या कणीएवढं पांढरं तिला दिसलं. डॉक्टरांच्या आधी दिसलं.

डॉक्टरांनी बत्ती खाली केली, चष्मा पुसला. मग तिच्याकडं वळून हलक्या आवाजात इंग्रजीत बोलायला लागले. मुंबईला रेडियमचा उपाय करतात, खात्री देता येत नाही.

कमला एकदा त्यांच्या तोंडाकडं बघत होती, एकदा आईच्या.

"मराठीत सांगा, डॉक्टर," तारामती म्हणाली.

ते पुन्हा चष्मा पुसायला लागले. तेव्हा तीच स्टुलापुढं वाकून बसली. "दिसलं कमे. बारकं हाय, पण हाय."

कमलानं मान हलवली. मग हात लांब करून कपाटाकडं दाखवलं. तारामतीनं भावकू काढून तिच्या ओटीत ठेवली. पोरीनं बोटानं एकेका मण्यावरची धूळ पुसली.

"ही आता देत न्हाई मी," ती म्हणाली.