सोळावी सोंगटी

अमेरिकेत बॉथेलला लेकीकडे राहायला आलो त्या वर्षी शेजारच्या कुवाहारा पतिपत्नींनी आम्हाला माजाँग शिकवलं. सोंगट्यांचा खेळ, जपानी पद्धतीचा, चौघं लागतात. ते दोघं आणि आम्ही दोघं. सोंगट्यांची भिंत रचायची, तिच्यातली एक घ्यायची, नको असेल ती आपल्यासमोर मांडून टाकायची. तुम्ही टाकलेली दुसऱ्याला हवी असेल तर तो ‘पोन’ म्हणून उचलून नेतो. म्हणजे रमीच की, असं माझी पत्नी शोभना म्हणाली आणि तिसऱ्याच शनिवारी जिंकली.

या खेळात जिंकण्याची एक दुर्मीळ तऱ्हा आहे. सोंगट्यांवर एक ते नऊ आकडे असतात, काहींवर नुसती चित्रं. भिंत संपेपर्यंत तुम्ही टाकलेली प्रत्येक सोंगटी एक्का, नव्वी नाहीतर चित्राची हवी. मधला आकडा एकही नको. आणि त्यातली एकही दुसऱ्या कुणी उचललेली नको. मग हातात काहीही असो, टाकलेल्यावरच तुम्ही जिंकता. मात्र ते ज्याचं त्याने तोंडाने सांगावं लागतं. नागाशी म्हणतात त्याला. मिस्टर कुवाहारांनी चाळीस वर्षांत दोनदा पाहिलं होतं. शोभनाला ते फार आवडलं. एकदा तरी करणारच म्हणायची, आणि त्या नादात चांगले चांगले डाव घालवायची. कुवाहारा चिडवायचे, मॅडम आज पुन्हा कचरा मांडून बसल्या म्हणून.

पुढच्या चार वर्षांत ती थोडी थोडी करून गेली. आधी माणसांची नावं गेली, मग फोडणीचा क्रम, मग बोलणं. खेळाला मात्र आणून बसवली की बसायची. एक उचलायची, एक टाकायची. आम्हाला वाटायचं, हाताला सवय आहे.

दोन हजार सहाच्या जानेवारीत ती गाऊनवर, अनवाणी, हमरस्त्यापर्यंत चालत गेली. प्रतिमाने, आमच्या लेकीने, तिला गाडीत घालून आणलं, तिचे पाय शेकले, आणि त्याच आठवड्यात अशा माणसांना सांभाळणाऱ्या एका होममध्ये नाव नोंदवलं. मी तिला दोष देत नाही. नोकरी करून आईला अंघोळ घालायची, तिची पाठ गेली होती. अडून बसलो होतो तो मी. आई आत आहे गं, असं रोज म्हणत होतो. शेवटी प्रतिमा म्हणाली, "बाबा, मला एक गोष्ट दाखवा. आईने स्वतः ठरवून केलेली, फक्त एक. मी सोमवारची ॲडमिशन कॅन्सल करते."

त्याआधीचा शनिवार तेवढा हातात होता.

त्या दुपारी शोभना माझ्या उजव्या हाताला बसली होती. तिने एक टाकली, दुसरी टाकली. पूर्वी तिने टाकलेल्यावर कुवाहारा टपून असायचे. त्या दिवशी तिच्या सोंगट्यांना कुणी हात लावेना. सहांची ओळ भरली, दुसरी भरली. मिसेस कुवाहारा एकदा तिच्या ओळींकडे आणि एकदा नवऱ्याकडे बघून गप्प राहिल्या. मला वाटलं, यांनीही हिला सोडलं. खेळात आहे म्हणून बसवलीय, मोजत कुणी नाही. इतक्या वर्षांची ही माणसं, आणि मला आतून भरून आलं.

शोभना म्हणजे पहिल्या रांगेतली बाई हो. नागपूरला आमच्या देवळात कीर्तनाला बुवा अडले की पुढचा शब्द ही खालून हळूच सरकवायची, आणि बुवा हसून तो उचलायचे. उत्तररंगात ते नेहमी सांगायचे, जगाने टाकलेलं जो उचलतो त्यालाच देव म्हणायचं. त्यावर मी दर वेळी रडलोय.

भिंतीत सहा सोंगट्या उरल्या होत्या. शोभनाने सोळावी टाकली, कोरी पांढरी. तीही चित्रातच धरतात. माझ्याकडे तशाच दोन होत्या. तिच्या हातचं कुणी घेत नाही, तर मी घेईन. "पोन," मी म्हणालो, आणि हात लांब करून ती उचलली.

मिसेस कुवाहारांचा हात अर्धवट वर आला आणि तिथेच राहिला.

शोभनाने माझ्या हाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे. कार्तिकापासून तिच्या तोंडून शब्द नव्हता.

"घेतलीत?" ती म्हणाली.

मला इतका आनंद झाला की मी खुर्ची मागे ढकलून प्रतिमाला हाका मारत स्वयंपाकघराकडे गेलो. आई बोलली, आई बोलली. मागे सोंगट्या आडव्या पडल्याचा आवाज आला. आम्ही दोघं येईपर्यंत शोभनाने आपल्या साऱ्या सोंगट्या दोन्ही हातांनी भिंतीत कालवून टाकल्या होत्या. कालवतच होती.

मिसेस कुवाहारांनी मला सांगितलं, अगदी हळू. पंधराच्या पंधरा एक्के, नव्व्या आणि चित्रं होती. दुसऱ्या ओळीत त्यांच्या ते लक्षात आलं. दुसऱ्याच्या डावाबद्दल बोलायचं नसतं, म्हणून त्या बोलल्या नाहीत. मिस्टर कुवाहारांना तर शोभनाच्या एका सोंगटीवर जिंकता येत होतं, त्यांनी ती सोडून दिली. शोभनाने हातातल्या सोंगट्या उताण्या पाडल्या तेव्हा त्यात सगळे मधले आकडे होते, आणि उजव्या टोकाला, बोटभर अंतर सोडून, एक नव्वी. सतरावी म्हणून राखून ठेवलेली.

मी ते सारं प्रतिमाला सांगितलं. तिने मन लावून ऐकलं. कालवलेल्या सोंगट्यांकडे बघत राहिली.

"तिने स्वतः सांगायला हवं होतं ना, बाबा?"

"सांगणार होती. एकच राहिली होती."

"बाबा," ती म्हणाली आणि माझा खांदा धरला, "रँडमही असू शकतं ना?"

मी शोभनाच्या पायाशी बसलो. म्हटलं, अगं, चुकलो, पुन्हा एकदा म्हण. प्रतिमाने आणि कुवाहारांनी मला उठवलं. रविवारी दिवसभर तेच केलं. ती खिडकीतून बाहेर बघत होती.

सोमवारी आम्ही तिला पोहोचवलं.

कुवाहारांनी तो खेळ आम्हालाच देऊन टाकला. मी रोज दुपारी बसने जातो, तिच्यापुढे भिंत रचतो. बुवांच्या कीर्तनाच्या कॅसेट घरातच ठेवल्यात. तो उत्तररंग आला की मला बंद करावा लागतो. शोभना एक उचलते, एक टाकते. पंजा, छक्की, काय येईल ते. टाकून झालं की माझ्या हाताकडे बघते. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलेला असतो.