शेंडेफळानंतरचा

माइकवरचा लाल दिवा अजून चालूच होता. म्हणजे आमचं गप्प बसणंही रेकॉर्ड होत होतं: दादाने सोडलेला सुस्कारा, खिडकीशी बसून लेन्स पुसणाऱ्या बाबांच्या ब्रशची कुसकुस, आणि माझ्या तोंडून न फुटलेला शब्द.

मी पुन्हा चुकले होते. समोरच्या जुन्या कॅमेऱ्यावर ‘मार्क’ या शब्दापुढे तीन उभ्या रेघा कोरल्या होत्या. दादाला तिथे ‘मार्क थ्री’ हवं होतं. माझ्या तोंडून आलं, ‘मार्क धाकटा’.

आमच्या दुकानाची ती रीतच होती. रोमन आकडे बाबांच्या जिभेला कधी मानवले नाहीत. एकाच नावाचे कॅमेरे पाठोपाठ येऊ लागले, तेव्हा त्यांनी पहिल्याला थोरला म्हटलं, दुसऱ्याला मधला, तिसऱ्याला धाकटा. गिऱ्हाइकंही तसंच मागू लागली. चौथा आला तेव्हा जरा पंचाईत झाली. मग त्यांनी त्याला शेंडेफळ ठरवलं आणि दिवसभर स्वतःच्याच विनोदावर हसत राहिले. पाचवा येईतो दुकान दादाच्या हाती गेलं होतं. त्या पाचव्याचं बारसं व्हायचं राहूनच गेलं.

आता जुने कॅमेरे आम्ही व्हिडिओ दाखवून विकतो आणि त्यांत आवाज माझा असतो. मागच्या खोलीतल्या, खोक्यांना चिकटपट्ट्या लावण्याच्या कामातून मी या खुर्चीपर्यंत आले ती केवळ या आवाजाच्या जोरावर. पण गेल्या व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलं होतं, बाईंना आधी आकडे शिकवा. ते दादाच्या जिव्हारी लागलं. आज नीट जमलं नाही तर उद्यापासून बाहेरचा आवाज आणायचा, असं त्याने सकाळीच सुनावलं होतं. म्हणजे मी परत खोक्यांकडे.

मी पाणी प्यायले. पुन्हा वाचलं. ‘मार्क थ्री’ अगदी बिनचूक उमटलं, आणि ऐकताना माझं मलाच वाटलं, कुणीतरी बंद घराच्या दारावर तीनदा टकटक करून निघून गेलं.

“कॅमेरा विकतेयस की शिक्षा भोगतेयस?” दादा म्हणाला.

मी चिडले. मी त्याला विचारलं की थ्री बरोबर कशावरून. परवाच एकाने फोनवर आय-आय-आय मागितला होता, दुसऱ्याने ट्रिपल आय. पाचव्याला निम्मे लोक फाइव्ह म्हणतात, निम्मे नुसतंच व्ही. रेघा कोरणाऱ्यांनी त्या वाचायच्या कशा, हे कुणाच्या कानात सांगितलं होतं? दादाचं उत्तर तयार होतं: गिऱ्हाईक म्हणेल ते बरोबर.

“बाबांचं गिऱ्हाईक धाकटाच म्हणायचं.”

“ते गिऱ्हाईक आता उरलंय कुठे?”

ब्रशची कुसकुस थांबली. दादाच्या मानेवर लाली चढली, पण शब्द मागे घेणं त्याच्या स्वभावात नाही. त्याने मान खाली घालून माइकची वायर उगाच सरळ केली. मला त्याचा राग आला, आणि त्याहून अधिक बाबांचा. स्वतःच्या भाषेची अशी शोभा होत असताना हा माणूस काचेवरची धूळ कशी टिपत बसू शकतो?

मी उठले. कपाटातला पाचवा काढला आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला.

“बाबा, याचं नाव तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तेच मी बोलेन. मग मला माइकसमोर बसवायचं की खोक्यांपाशी, ते दादा ठरवेल.”

बाबांनी कॅमेरा उचलला. जुन्या सवयीने आधी त्याचं वजन जोखलं, मग कोरलेल्या व्हीवरून अंगठा फिरवला, एका बाजूने खाली, दुसऱ्या बाजूने वर. त्यांचे ओठ किंचित हलले. मला वाटलं, आता येणार.

त्यांनी लेन्सला झाकण लावलं. कॅमेरा माझ्या हातात परत दिला, ब्रश खिशात ठेवला, दाराशी जाऊन चपला चढवल्या आणि मागे न पाहता पायऱ्या उतरले.

दिवा अजून लालच होता; पाचव्याच्या नावाच्या जागी फक्त उतरत्या चपलांचा आवाज रेकॉर्ड झाला होता.