बाटलीचा तळ

डॉक्टरनं मामाला साफ सांगितलं होतं, "या वासापासून लांब राहा, नाहीतर लिव्हर गेलंच समजा." आता त्या वासावरच घर चालतंय, तर माणूस लांब जाणार कुठे? औषधाच्या कारखान्यात, तपासणीच्या खोलीत मामा बावीस वर्षं बाटल्या धूत होता आणि वापरलेल्या विषारी सॉल्व्हंटचे कॅन उचलत होता.

ते बघवेना म्हणून मशीनवरच्या बाईनं मनावर घेतलं. ब्लडप्रेशरच्या गोळीत दोन औषधं. किती आहेत ते मोजायला ती मशीनमधून वेगळी करावी लागत, त्याला हे सॉल्व्हंट लागायचं. बाईनं त्याजागी अल्कोहोल आणि पाणी लावलं.

"म्हणजे विष आम्ही उचलायचं, अन् दारू मशीनला?" मामा म्हणाला.

"गप्प बसा हो, चढलीय त्याला. मशीनचं प्रेशर बघा कसं वाढलंय!" बाई म्हणाली.

साहेबांनी शुक्रवारपर्यंतच मुदत दिली होती. गुरुवारी मशीनच्या कागदावर दोन टेकड्या उमटल्या, एकेका औषधाची एक, मध्ये स्वच्छ दरी.

"सुटलात, मामा! सोमवारपासून कॅन बंद. टेकड्या चिकटल्या असत्या ना, तर एक औषध कमी असलं तरी दुसऱ्याच्या आड लपलं असतं."

मामाची बायको हीच गोळी घ्यायची.

शुक्रवारी मशीनला लावलेली अल्कोहोल-पाण्याची बाटली विसळायला घेतली आणि मामाचा हात थबकला. भरताना तळाला चार बोटं जुनं सॉल्व्हंट होतं. चांगला माल ओतून द्यायचा कशाला, म्हणून त्यानं नवं वरूनच भरलं होतं. जन्माची सवय!

नव्या पद्धतीवर साहेबांची सही व्हायला तासभर होता. तोंड मिटून बसलं की झालं, लिव्हर वाचलं. मामानं नळ सोडला, बंद केला. पुन्हा सोडला. मग हात पुसून बाईकडे गेला.

"बाई, बाटली मी विसळलीच नव्हती. तळाला जुनं होतं."

 बाईनं कोऱ्या बाटलीतून मशीन परत चालवलं. दोन टेकड्यांचं एकच ढेकूळ झालं.

"पुरे झाले प्रयोग," साहेब म्हणाले. "जुनंच चालू द्या."

बाई पडद्याकडे बघत बसली. मामानं कॅन उचलला, तोंड फिरवून, श्वास धरून.

घरी त्यानं बायकोच्या हातावर गोळी ठेवली.

"असं काय बघताय माझ्याकडे?"

"काही नाही. घे, गीळ."

आणि पाणी आणायला उठला तो मोरीतच ओकला.