भरवशाचा पाय

एकाहत्तरच्या लढाईत राजस्थानच्या वाळूत सुरुंग फुटला आणि लालासाहेबाच्या डाव्या पायाची बोटं गेली. जीव वाचला म्हणून रहिमतपूरजवळच्या त्याच्या गावानं हलगी लावून त्याला वेशीतून आत आणलं. पुढं मात्र तो लंगडत पारावरून जायला लागला, की तिथली बोलणी थांबायची. वाईट कुणीच बोलत नव्हतं. ते गप्प होणंच त्याला सोसेना. ऊस भावाच्या हवाली करून तो सांगलीला आला आणि चिंतामणरावांच्या हळदीच्या गोदामावर राखणदार म्हणून राहिला. बायको अंजना सासूजवळ गावीच राहिली. सणावारी तो घरी जायचा, पण पायातला मोजा काढायचा नाही, झोपतानाही नाही. अंजनानं सुरुवातीला विचारलं, मग विचारायचं सोडून दिलं.

अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीत चिंतामणरावांची लेक चारुलता अमेरिकेहून सुट्टीला आली आणि तिच्याबरोबर एक चाकांची फळी आली. वीतभर रुंद, खाली चार लाल, मऊ चाकं. तिकडं पोरी यावर उभ्या राहून रस्त्यानं सुसाट जातात म्हणे. सांगलीच्या रस्त्यावर मात्र पहिल्याच दिवशी एका गाडीचे बैल बुजले. चिंतामणरावांनी सांगून टाकलं, "खेळायचं तर गोदामात. दार लावून."

हंगाम सरलेला, गोदाम रिकामं. खाली सिमेंटची गुळगुळीत जमीन. लालासाहेब रोज पिवळी धूळ झाडून द्यायचा आणि दाराशी स्टुलावर बसायचा. फौजेत त्याची सारी जवानी पाय आपटण्यात गेली होती. इथं या पोरीचा एक पाय फळीवर नुसता उभा असायचा, दुसरा मधूनच जमिनीला लागून यायचा, आणि तरी पळणारा माणूस मागं पडावा अशी ती जायची. बघता बघता तो स्टुलाच्या अगदी कडेला सरकायचा.

एके दिवशी त्यानं धीर केला. "ताई, मला जमंल का वो ह्ये?"

चारुलतानं फळी त्याच्या पुढ्यात सरकवली. लालासाहेबानं दुखरा पाय फळीवर ठेवला, तेवढाच त्या पायाला आराम म्हणून. चांगल्या पायानं जोर लावला. फळी एकीकडं, तो दुसरीकडं.

"लागलं न्हाई," तो उठत म्हणाला. पुन्हा तसाच चढला, पुन्हा पडला.

चारुलता त्याच्या बुटाकडं बघत होती. चवडा नको तिथं मुडपत होता. "बुटात काय आहे, लालासाहेब?"

तो बराच वेळ पँट झटकत राहिला. "कापूस," शेवटी म्हणाला. "फुडं बोटं न्हाईत."

अरेरे म्हणेल, असं त्याला वाटलं होतं. ती म्हणाली नाही. कपाळाला आठ्या घालून ती विचार करत राहिली.

"भरवसा कुठल्या पायावर आहे?"

"उजव्या."

"मग तो फळीवर. सगळं वजन उभ्या पायावर येतं, ढकलणाऱ्यावर नाही. आपण उलटं करत होतो."

तिनं त्याचा उजवा पाय पुढच्या चाकांवर, बोटं समोर करून ठेवायला लावला. गुडघा वाकवायला सांगितलं. डावा पाय फळीच्या अगदी लगत टेकायचा आणि तळव्यानं जमीन मागं सारायची. लालासाहेबानं पाय उचलला आणि सवयीप्रमाणं धाडकन आपटला. फळी हिसका खाऊन निसटली.

"परेड नाही ही!" चारुलता हसायला लागली. "आपटू नका, सारा. शेणानं जमीन सारवतात ना, तसा हात फिरवल्यासारखा."

तो पाय मात्र सारताना अडकत होता. बुटाचं कापूस भरलेलं टोक मुडपून जमिनीला अडायचं. हे दोघांनाही दिसत होतं. बूट काढा, असं ती म्हणाली नाही आणि तो लवकर दार लावून खोलीवर गेला. त्या रात्री त्याला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी तो दोन्ही पायांनी अनवाणी आला आणि कुणाकडं न बघता थेट फळीवर चढला.

तळव्याला गार जमीन लागली. त्यानं ती मागं सारली. फळी गेली. आणखी सारली, आणखी गेली. मग डावा पाय उचलून मागं ठेवला, दोन्ही पावलं आडवी केली आणि लालासाहेब गोदामाच्या मधोमध वारा खात चालला. त्याच्या चालीत लंगडणं नव्हतं.

यंदा तो दिवाळीला गेला नव्हता. म्हणून अंजना फराळाचं बोचकं घेऊन पॅसेंजरनं आली होती. तिनं त्याच वेळी दार ढकललं.

लालासाहेबानं तिला बघितलं. पाय लपवावा तर कुठं लपवावा? चारुलता ओरडली, "थांबा!" पण थांबायचं कसं, ते शिकवायचंच राहिलं होतं.

"अंजे, सर बाजूला!"

अंजना सरली नाही. बोचकं टाकून तिनं दोन्ही हात पुढं केले. दोघंही जमिनीवर आले, चकल्या चारी दिशांना गेल्या. त्याचा उघडा पाय तिच्या मांडीवर पडला होता. तो ओढायला लागला. तिनं घोटा घट्ट धरला. मिटलेल्या जखमेवरून तिनं अंगठा फिरवला.

"दुकतंय व्हय?"

"न्हाई आता."

"मला वाटलं, तुमचा जीव माज्यावरचा उडाला," ती म्हणाली. "न्हाईतर इतकी वर्सं माणूस बायकूम्होरं मोजा घालून निजतंय का?"

त्यानं पाय ओढायचं सोडलं. चारुलता पाठमोरी होऊन चकल्या गोळा करत राहिली.

जरा वेळानं अंजनानं डोळे पुसले, लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि फळीकडं बोट दाखवलं. "ताई, मला बी उभं करा ह्याच्यावर."

"भरवशाचा पाय म्होरं," लालासाहेबानं तिचा हात धरला. "गुडघं सैल सोड. आपटू नगंस."

महिन्याभरानं चारुलता फळी घेऊन परत गेली. अंजना गेली नाही. सासूलाही सांगलीला आणायचं ठरलं आणि गोदामामागच्या खोलीत लालासाहेबानं तिघांपुरती मोठी चूल घातली.